आय-१३० पेंडिंग असताना बायकोला बी-२ वर बोलावता येतं का?

रानवाट

नमस्कार मंडळी. मी अमेरिकन सिटिझन आहे. लग्न झाल्यावर लगेच बायकोसाठी आय-१३०, म्हणजे तिला कायमचं इथे आणायची पिटिशन, ऑनलाइन भरला. रिसीट नोटीस आली, आणि तेव्हापासून स्टेटसच्या पानावर तेच एक वाक्य आहे: केस मिळाली. ती तिकडे कॉलेजात शिकवते, नोकरी कायम आहे आणि उन्हाळ्यात तिला मोठी सुट्टी असते. त्या सुट्टीत तिने इथे यावं, मी राहतो ते घर, माझी माणसं बघावीत आणि कॉलेज उघडायच्या आत परत जावं, एवढीच इच्छा आहे. लग्न झाल्यापासून आम्ही एकत्र राहिलो ते माझ्या रजेपुरतंच.

वकिलांना विचारलं तर म्हणाले, पिटिशन घातली की व्हिजिटर व्हिसा, म्हणजे बी-२, विसरा. मित्र म्हणतो, फॉर्ममध्ये पिटिशनचा उल्लेखच करू नको, साधी टुरिस्ट म्हणून अर्ज करू दे. मला दोन्ही पटत नाहीये. कुणी या वाटेने गेलंय का? आणि व्हिसा नाकारला गेला तर पुढे ग्रीन कार्डाच्या फाइलवर परिणाम होतो का?

पाणपोई

माझ्या नवऱ्याचा अर्ज नाकारला गेला होता. कॉन्सुलेटात काचेपलीकडच्या ऑफिसरबाईंनी बायको कुठे असते आणि किती दिवस जाणार एवढंच विचारलं. तो म्हणाला, "बघू, जमेल तेवढे दिवस." त्यांनी थोडं टाइप केलं आणि खालच्या फटीतून छापील कागद सरकवला. नोकरीचं पत्र, रजेचा मंजूर अर्ज, घराचे कागद, सगळी फाइल बगलेतच राहिली. फी १८५ डॉलर आहे आणि ती परत मिळत नाही. अर्ज करूच नका असं म्हणत नाही, पण फार आस लावून बसू नका.

कंदील

रानवाट, आधी मित्राच्या सल्ल्याबद्दल, कारण तो सगळ्यात घातक आहे.

डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या फॉर्ममध्ये, सरळ प्रश्न आहे: तुमच्यासाठी कुणी यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) इमिग्रंट पिटिशन भरली आहे का? उत्तर "हो". खालच्या चौकटीत नवऱ्याने आय-१३० भरला आहे, अमुक तारखेला, पेंडिंग आहे, एवढं लिहायचं. त्याच फॉर्ममध्ये जोडीदाराचं नाव विचारतात, अमेरिकेत जवळचं कोण आहे आणि त्यांचं स्टेटस काय हेही विचारतात. "नाही" लिहिलं आणि उघडकीला आलं, तर नुसता व्हिसा नाकारून भागत नाही. महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं बोलून व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला, असं इमिग्रेशन कायद्याचं २१२(ए)(६)(सी)(आय) कलम लागतं. हे कलम आयुष्यभर चिकटतं. आज जी ग्रीन कार्डाची फाइल सरळ चालली आहे, तिच्यासाठीही मग आय-६०१ भरून माफी मागावी लागते आणि ती मिळायला तुमच्यावर, म्हणजे सिटिझन नवऱ्यावर, पराकोटीचे हाल ओढवतील हे सिद्ध करावं लागतं. एका सुट्टीसाठी एवढी मोठी गोष्ट पणाला लावू नका, कळकळीने सांगते.

आता वकिलांचं. २१४(बी) हे कलम १९५२ च्या कायद्यातलं आहे. त्याचा अर्थ असा की, व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघालाय असं ऑफिसरने गृहीत धरायचं आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. हे गृहीतक मुलाला भेटायला निघालेल्या आईवडिलांनाही लागू असतं. पिटिशन असली की पटवून देणं अवघड होतं यात शंका नाही. पण पिटिशन पेंडिंग असेल तर बी-२ देऊ नये, असं त्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही. अशांना व्हिसा मिळालेला मी बघितलाय आणि नाकारलेलाही बघितलाय.

फरक कशाने पडतो? ऑफिसरला प्रेमाचा पुरावा नको असतो. लग्न खरं आहे की नाही हे बघायला आय-१३० आहेच. त्याला हवं असतं ते परत येण्याचं कारण. तुमच्या बाजूने एक मुद्दा फार भक्कम आहे आणि लोक तो बोलून दाखवतच नाहीत. आय-१३० मध्ये एक प्रश्न असतो: तुमची पत्नी परदेशातल्या कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा घेणार, की अमेरिकेत राहून स्टेटस बदलणार? तुम्ही कॉन्सुलेट लिहिलं असेल, तर तिचा इंटरव्ह्यू तिकडेच होणार, मेडिकल तिकडेच होणार. म्हणजे तिला परत यावंच लागणार आहे. ज्या बाईचं ग्रीन कार्ड रीतसर मार्गाने येऊ घातलंय, ती व्हिजिटर व्हिसावर बेकायदा राहून ते का घालवेल? हे तिने भाषण दिल्यासारखं सांगायचं नाही. विचारलं की एका वाक्यात सांगायचं.

पाणपोई, तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत मला "बघू, जमेल तेवढे दिवस" हे उत्तर महाग पडलं असं वाटतं. आपण घरी असंच बोलतो, त्यात वावगं काही नाही. पण ऑफिसरच्या कानाला ते "परतीचं ठरलेलं नाही" असं ऐकू जातं.

दुपार

मला एक गोष्ट खटकते. तिला शेवटी अमेरिकेतच राहायचंय ना? मग "मी फक्त भेटायला चालले आहे" हे सांगणं प्रामाणिकपणाचं कसं? सगळं खरं सांगायचं म्हणताय, तर हेही सांगावं लागेल.

कंदील

सांगायचंच. "तुम्हाला पुढे अमेरिकेत राहायचंय का?" असं विचारलं तर उत्तर "हो, इमिग्रंट व्हिसा मिळाल्यावर" असंच द्यायचं. नाही म्हणणं खोटं ठरेल आणि हास्यास्पदही, कारण पिटिशन समोर स्क्रीनवर असते.

पण दोन हेतू वेगळे आहेत. एक, कधीतरी कायद्याने परवानगी मिळाली की तिकडे राहायला जाणं. दुसरा, या खेपेला जाऊन परत येणं. अमेरिकेच्या बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने १९७५ मध्ये हुसेनपूर प्रकरणात म्हटलंय की, कायद्याच्या चौकटीत पुढे राहता आलं तर राहावं अशी इच्छा असणं आणि आज तात्पुरत्या व्हिसावर असणं या गोष्टी एकमेकींना मारक असतीलच असं नाही. मात्र एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना कायद्यानेच २१४(बी)च्या गृहीतकातून सूट आहे, तशी बी-२ ला नाही. म्हणून एच-१बी वाला ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहून निर्धास्त ये-जा करतो आणि बी-२ वालीला काचेसमोर उभं राहून पटवून द्यावं लागतं. तुमचा प्रश्न रास्त आहे. तो मनात नीट सुटलेला असला की इंटरव्ह्यूत माणूस अडखळत नाही.

सागरगोटा

एवढा उपद्व्याप कशाला? सिटिझनची बायको आहे. कसाही व्हिसा काढा, इथे आली की स्टेटस बदलायचा आय-४८५ भरा, इथेच ग्रीन कार्ड घ्या. सिटिझनच्या जोडीदाराला ओव्हरस्टे सुद्धा माफ असतो. कितीतरी लोकांनी केलंय.

कंदील

सागरगोटा, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. रीतसर तपासणी होऊन आत आलेल्या सिटिझनच्या जोडीदाराला इथे राहून स्टेटस बदलता येतं आणि मुदत संपून गेली असली तरी तेवढ्याने अर्ज अडत नाही, हे खरं. पण ही सवलत मुदत उलटल्याबद्दल आहे, खोटं बोलण्याबद्दल नाही. परत जाणार म्हणून व्हिसा घ्यायचा, विमानतळावर परत जाणार म्हणून आत शिरायचं आणि मनात आधीपासून इथेच अर्ज करायचा बेत ठेवायचा, हे पुन्हा तेच (६)(सी)(आय). परराष्ट्र खात्याच्या मॅन्युअलमध्ये ९० दिवसांचा नियम आहे: आत आल्यापासून ९० दिवसांत व्हिसाशी विसंगत असं काही केलं, तर आधीपासून तोच हेतू होता असं धरलं जातं. यूएससीआयएस त्या नियमाला बांधलेली नाही, पण त्याचा अर्थ ९१ व्या दिवशी सगळं माफ असाही नाही. हेतू कुठल्याही दिवशी तपासता येतो.

शिवाय हे ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांना लागू नाही. तिथे स्टेटस टिकवावं लागतं आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, चालू असावी लागते. त्यांच्यापैकी कुणी सागरगोटांचा सल्ला वाचून ओव्हरस्टे केला तर फार वाईट होईल. १८० दिवसांच्या वर बेकायदा राहून बाहेर पडलात तर ३ वर्षं बंदी, एक वर्ष झालं तर १० वर्षं.

आल्यावर खरोखर परिस्थिती बदलली, आजारपण आलं, काही अघटित घडलं, तर गोष्ट वेगळी. त्या वेळी वकिलाशी बोला. आधीपासून ठरवून मात्र नको.

गोधडी

मी ग्रीन कार्डवाला आहे, सिटिझन नाही. माझ्या बायकोची केस एफ२ए मध्ये, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांच्या रांगेत आहे. आमच्यासारख्यांचं कसं? मला ग्रीन कार्ड मिळालं आणि नंतर लग्न ठरलं. एच-१बी वर असताना लग्न झालं असतं तर ती एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, सोबत आली असती. आता मी एच-१बी नाही म्हणून एच-४ नाही, आणि सिटिझन नाही म्हणून रांग आहे. आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत हेच झालंय. ग्रीन कार्ड मिळाल्याचे पेढे वाटतात आणि नंतर कळतं की त्याच कार्डाने बायको लांब गेली.

कंदील

गोधडी, वाचून वाईट वाटलं. आपल्या लोकांत ही अडचण फार आहे आणि कुणी आधी सांगत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते, लग्न ठरत असलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

नोकरीमार्फत ग्रीन कार्ड मिळायच्या आधी लग्न झालेलं असेल, मग आदल्या दिवशी का होईना, तर जोडीदाराला "फॉलोइंग टू जॉइन" म्हणून त्याच प्रायॉरिटी डेटवर येता येतं. त्यासाठी आय-८२४ फॉर्म भरायचा. वेगळी आय-१३० लागत नाही. लग्न ग्रीन कार्डानंतर झालं तर हा दरवाजा बंद होतो आणि एफ२ए हाच रस्ता उरतो, त्यात दरवर्षी व्हिसांची संख्या ठरलेली. सिटिझनच्या जोडीदारासाठी अशी संख्यामर्यादा नाही. म्हणून ज्यांचं लग्न ठरलंय आणि ग्रीन कार्ड कधीही येईल अशा बेताला आहे, त्यांनी तारखा ठरवताना वकिलाला विचारूनच पुढचं बघावं.

ही ताटातूट सरकारला माहीत नव्हती असं नाही. डिसेंबर २००० मध्ये लाइफ ॲक्ट आला, त्यात ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांसाठी व्ही व्हिसा काढला होता. पण अट अशी की आय-१३० हा २१ डिसेंबर २००० रोजी किंवा त्याआधी भरलेला हवा. त्यामुळे आज तो नुसता पुस्तकात आहे. त्याच कायद्यात सिटिझनच्या जोडीदारासाठी के-३ आला. तो अजून आहे, पण आय-१३० मंजूर होऊन एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटरकडे) पोचली की के-३ ची फाइल बंद करतात आणि बहुतेक वेळा तसंच होतं. रानवाट विचारतीलच म्हणून सांगून ठेवते: के-३ च्या मागे वेळ घालवू नका.

तुम्ही सिटिझन व्हायच्या जवळ आहात का? ग्रीन कार्डाची पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, भरता येतो. सिटिझन झालात की बायकोची केस एफ२ए मधून निघून इमिजिएट रिलेटिव्हमध्ये जाते. फक्त सर्टिफिकेटची प्रत लावून यूएससीआयएसला किंवा एनव्हीसीला कळवा, ते आपणहून बघतील म्हणून थांबू नका. आणि तोपर्यंत बायकोकडे जाऊन राहताना एक भान ठेवा. एका खेपेला सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं आणि पाच वर्षांत एकूण ३० महिने प्रत्यक्ष इथे असावे लागतात. विरहाच्या पोटी लोक लांबलचक राहून येतात आणि मग सिटिझनशिप लांबते, म्हणजे बायकोचं येणंही लांबतं.

बी-२ चं म्हणाल तर नियम तोच, पण एफ२ए ची रांग लांबली असेल तर ऑफिसरला वाटतं की ही रांगेला कंटाळून राहून जाईल. तुम्हाला परतीचं कारण आणखी ठसठशीत लागेल.

मेपलपान

मी कॅनडातून लिहितेय. इथे कायद्यातच, इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टच्या २२(२) मध्ये, स्पष्ट म्हटलंय की कायम राहायचा हेतू असला तरी तेवढ्याने व्हिजिटर होता येत नाही असं नाही, फक्त मुदत संपल्यावर जाल असं ऑफिसरला पटलं पाहिजे. त्यामुळे आम्ही स्पॉन्सरशिपचा पावती-क्रमांक उलट अर्जात ठळक लावतो. अमेरिकेत हे असं लिहिलेलं नाही हे वाचून आश्चर्य वाटलं. रानवाट, तुम्हाला शुभेच्छा.

उंबरठा

माझ्या बायकोच्या पासपोर्टात लग्नाआधीचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ होता. आय-१३० भरल्याने तो आपोआप रद्द होत नाही, म्हणून ती त्यावर आली. पण व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे विमानतळावरचा सीबीपीचा, म्हणजे सीमा-तपासणीचा, ऑफिसर ठरवतो.

तिला पहिल्या खिडकीवर विचारलं, कुणाकडे? नवऱ्याकडे. त्याचं स्टेटस? सिटिझन. पिटिशन भरली आहे का? हो. लगेच पासपोर्ट एका प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि तिला बाजूच्या खोलीत बसवलं. तिथे फोन वापरायला बंदी, भिंतीवर तशी पाटी. मी बाहेर, तिचा काहीच पत्ता नाही. आत दुसऱ्या ऑफिसरने तेच प्रश्न उलटसुलट विचारले: सामानात काय आहे, किती मोठ्या बॅगा, परतीचं तिकीट, नोकरीवर कधी हजर व्हायचं. तिच्याकडे रजेचं पत्र होतं, त्यावर हजर व्हायची तारीख होती, ती त्याने बोट ठेवून वाचली. मग फोन मागितला, मेसेज चाळले. आमच्या मेसेजांत भांडी कुठली घ्यायची, तिचे कपडे कुठे ठेवायचे असलं काही नव्हतं, कारण तसा बेतच नव्हता. शेवटी शिक्का मिळाला.

सांगायचं एवढंच, की हे होणार हे धरून चला आणि घाबरू नका. बायकोला आधीच सांगून ठेवा की बाजूच्या खोलीत बसवलं म्हणजे परत पाठवलं असं नाही. उत्तरं छोटी आणि खरी. कॉलेजची सर्टिफिकेटं, दागिने, हिवाळ्याचे कपडे असं सगळं बिऱ्हाड बॅगेत भरून आणू नका. बॅग उघडली की तीच आधी बोलते.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुम्ही लिहिलेलं तिला तसंच्या तसं वाचून दाखवलं. आय-१३० मध्ये आम्ही कॉन्सुलेटच लिहिलं होतं, आत्ताच काढून बघितलं.

अजून शंका आहेत. मी पाहुणी म्हणून बोलावतोय असं पत्र, माझे बँकेचे कागद, आय-१३४ (खर्चाच्या हमीचा फॉर्म) वगैरे जोडायचं का? माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच दिवसांत आहे, ते कारण सांगितलं तर सहानुभूती मिळेल का? आणि सुट्टीत तिचे काही ऑनलाइन क्लास असतात, ते तिने इथून घेतले तर चालतील का?

कंदील

क्रमाने नाही, महत्त्वाचं आधी.

आईच्या ऑपरेशनचं. ते येण्याचं कारण असेल तर लपवू नका, पण सहानुभूतीसाठी पुढे करू नका. ऑफिसर असा विचार करतो की सासूबाईंना बरं वाटायला किती दिवस लागतील हे कुणाला माहीत? सून मदतीला आली की ती निघणार कधी? सेवेला शेवटची तारीख नसते. सुट्टीला असते. तुमच्या बायकोकडे सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरलेली सुट्टी आहे आणि तीच या भेटीचं खरं कारण आहे. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलंत, "कॉलेज उघडायच्या आत परत जावं", तेच वाक्य तिने तिच्या शब्दांत सांगावं.

ऑनलाइन क्लास नकोच. पगार तिकडचा असला तरी बी-२ वर इथे बसून नोकरी करणं म्हणजे आगीशी खेळ. रजा घ्यायची. "सुट्टीतही मी काम करणार आहे" हे विमानतळावर तोंडातून निघालं तर विनाकारण नवीन प्रश्न उभा राहतो.

निमंत्रणाचं पत्र आणि तुमचे बँकेचे कागद नेले तरी क्वचितच बघतात. तुम्ही किती कमावता याने ती परत येईल हे सिद्ध होत नाही. उलट सगळी फाइल नवऱ्याचीच असली तर तिची स्वतःची बाजू झाकली जाते. तिने तिचं न्यावं: कायम नोकरीचं पत्र, त्यात पद आणि रुजू झाल्याची तारीख, मंजूर रजा आणि हजर व्हायची तारीख, पगाराच्या स्लिपा, तिच्या नावावर काही असेल तर ते, आधी इतर देशांत जाऊन वेळेत परत आली असेल तर जुना पासपोर्ट. आय-१३० ची रिसीट नोटीस जवळ असू द्या. आणि कागदांपेक्षा डीएस-१६० नीट भरा, कारण ऑफिसर तो वाचत असतो. "किती दिवस राहणार" या रकान्यात जे लिहाल तेच तोंडी यायला हवं. तिकिटं आधी काढू नका, व्हिसा मिळाल्याशिवाय तिकीट काढू नये असं परराष्ट्र खातंच सांगतं.

प्रवासाचा आरोग्य विमा मात्र नक्की घ्या. इमर्जन्सीची एक रात्र काय बिल करते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

दुपार

आणि नाही मिळाला तर?

पाणपोई

यावर मी लिहिते, कारण आम्ही त्यातून गेलो आहोत. २१४(बी)ला अपील नसतं. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, पण परिस्थितीत काही बदल नसेल तर पुन्हा फी भरण्यात अर्थ नाही. पुढच्या प्रत्येक अर्जात "आधी कधी व्हिसा नाकारला का?" या प्रश्नाला "हो" लिहायचं. रानवाटनी विचारलं होतं ना, ग्रीन कार्डाच्या फाइलवर परिणाम होतो का? आमच्या केसमध्ये काही झालं नाही. इमिग्रंट व्हिसाच्या इंटरव्ह्यूत त्याने स्वतःहून सांगितलं की बी-२ नाकारला होता, ऑफिसर म्हणाला, ठाऊक आहे, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. २१४(बी)चा नकार हा परत येण्याबद्दलचा आहे आणि इमिग्रंट व्हिसावर परत यायचंच नसतं. खोटं बोललेलं नसलं की झालं.

त्या नकारानंतर मीच सुट्ट्या साठवून त्याच्याकडे जात राहिले. एकदा तिसऱ्या देशात भेटलो. खर्चिक होतं, पण त्या सगळ्या भेटींची तिकिटं आणि फोटो पुढे लग्नाचा पुरावा म्हणून उपयोगी पडले.

कंदील

पाणपोईंना दुजोरा. आणखी एक: केस यूएससीआयएसने जाहीर केलेल्या नेहमीच्या मुदतीपेक्षा लांबली असेल, तर त्यांच्याकडे ऑनलाइन चौकशी टाकता येते. तेवढ्याने हललं नाही तर तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसला लिहा. तिथे इमिग्रेशनच्या केसेस बघणारा माणूस असतो, प्रायव्हसी रिलीज फॉर्मवर सही घेतात आणि तुमच्या वतीने विचारतात. निर्णय ते बदलू शकत नाहीत, पण धूळ खात पडलेली फाइल कधी कधी जागची हलते. आणि एनव्हीसीचं सगळं पूर्ण होऊन इमिग्रंट व्हिसाचा इंटरव्ह्यू जवळ आला असेल, तर तेव्हा बी-२ मागू नका. चार महिने थांबवत नाही का, असा प्रश्न ऑफिसरला पडणारच.

रानवाट

मंडळी, व्हिसा मिळाला!

तिने सांगितलं ते लिहितो. ऑफिसर तरुण होता, स्क्रीनकडे बघतच बोलत होता. "का जाताय?" सुट्टीत नवऱ्याकडे. "पिटिशन पेंडिंग आहे, मग थांबत का नाही?" तेव्हा ती म्हणाली, इमिग्रंट व्हिसा कधी येईल ते माहीत नाही, सुट्टी मात्र आत्ता आहे, आणि माझा इंटरव्ह्यू इथेच व्हायचाय. "काय शिकवता?" भूगोल. मग त्याने पहिल्यांदा मान वर केली, कुठल्या वर्गांना, किती मुलं, परीक्षा कधी, असं दोन-तीन मिनिटं तेच विचारलं. कॉलेज कधी उघडतं हे विचारल्यावर तिने तारीख सांगितली. फाइलला हात लावला नाही. पासपोर्ट ठेवून घेतला.

कंदीलताई, तुम्ही एवढा वेळ देऊन लिहिलंत, कसे आभार मानू कळत नाही. आता विमानतळाची तयारी. आय-९४ वर, म्हणजे आत आल्याच्या नोंदीवर, किती दिवस देतात, आणि तेवढे दिवस राहिलं तर चालतं ना?

उंबरठा

अभिनंदन! फार आनंद झाला.

गोधडी

अभिनंदन रानवाट. आमचा अर्ज नाकारला गेला. एफ२ए ची तारीख अजून लांब आहे, हेच कारण असावं. मी एन-४०० ची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवली आहे, तोपर्यंत मीच जात राहीन.

कंदील

रानवाट, फार फार आनंद झाला. गोधडी, धीर धरा. एन-४०० भरताना काही अडलं तर इथेच विचारा, मी आहे.

आय-९४ बद्दल. बी-२ वर साधारण सहा महिने देतात. आत आल्यावर सीबीपीच्या साइटवर जाऊन तारीख स्वतः बघा, नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर उतरलेत का तेही बघा आणि प्रत काढून ठेवा. व्हिसावरची मुदत वेगळी आणि आय-९४ ची वेगळी, राहायची मुदत आय-९४ चीच.

सहा महिने मिळाले तरी तिने इंटरव्ह्यूत सांगितलेल्या दिवसांतच परत जावं. कायद्याने थांबता येईल, पण उद्या इमिग्रंट व्हिसाला वेळ लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा यायचं झालं, तर खिडकीवरचा ऑफिसर मागच्या खेपेच्या तारखा बघेल. आय-५३९ भरून मुदत वाढवायच्या भानगडीतही पडू नका. बोर्डिंग पास, परत पोचल्यावरचा शिक्का आणि कॉलेजात हजर झाल्याचं पत्र हे जपून ठेवा.

आणि ती इथे असताना आय-१३० मंजूर झाली तर गोंधळू नका. फाइल एनव्हीसीकडे जाईल, ३२५ डॉलर व्हिसाची आणि १२० डॉलर आय-८६४ ची (तुमच्या आर्थिक हमीची) फी भरायला सांगतील. ते तुम्ही दोघं मिळून इथे बसून भरू शकता. तिकडच्या पोलिस क्लिअरन्सची आणि लग्नाच्या सर्टिफिकेटची तयारी ती परत गेल्यावर करेल.